हजारो वॉर्निंग दिसतात, पण वाचतंय कोण?

कोड न चालवता आपोआप तपासून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. सोनारक्यूब म्हणा, ईएसलिंट म्हणा, पायलिंट, पीएमडी, तुमच्या भाषेला जे काय चालत असेल ते, अर्ध्या दिवसात सेटअप होतं, पहिला स्कॅन संपतो आणि स्क्रीनवर हजारो वॉर्निंग येऊन पडतात. मग कोणीतरी उत्साहाने स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर टाकतं, "बघा आपली अवस्था", दोन-चार जण हसतात, मॅनेजर विचारतो की हे शून्यावर कधी येणार, आणि थोड्या दिवसांनी तो डॅशबोर्ड कुणी उघडेनासं होतं. हा प्रकार मी इतक्या टीममध्ये बघितलाय की आता पहिल्या स्कॅनच्या आकड्याकडे मी लक्षच देत नाही.

ऑटोमॅटिक कोड अ‍ॅनालिसिसने जुना कोड सांभाळणं सोपं होतं का? होतं, अगदी होतं. पण तो एकूण आकडा खाली आणून होत नाही. वॉर्निंग कुठल्या फाईलमधली आहे, ती कोणाला दिसते आणि कधी दिसते, सगळा खेळ यावर आहे.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण फेसबुकचं आहे. त्यांचं इन्फर नावाचं टूल आहे, २०१५ साली त्यांनी ते ओपन सोर्स केलं. सुरुवातीला त्यांनी काय केलं तर अख्खा कोड तपासायचा, सापडलेल्या बगची यादी बनवायची आणि डेव्हलपरना वाटून टाकायची. बहुतेक बग खरे होते, पण दुरुस्त करायला जवळपास कुणी हात लावला नाही, फिक्स रेट शून्याच्या आसपास. मग तेच अ‍ॅनालिसिस त्यांनी कोड रिव्ह्यूच्या वेळी चालवलं, म्हणजे तुम्ही बदल पाठवला की त्या बदलाच्या ओळीखाली टूलची कमेंट येणार. फिक्स रेट ७० टक्क्यांच्या वर गेला! टूल तेच, बग त्याच प्रकारचे, डेव्हलपरही तेच. त्यांच्या इंजिनिअरांनी २०१९ मध्ये हे सगळं लिहून प्रसिद्ध केलंय आणि माझ्या मते या विषयावर फक्त एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

कारण सरळ आहे. आत्ता लिहिलेल्या कोडबद्दल कोणी काही बोललं तर ते दोन मिनिटांत बदलता येतं, तो कोड अजून डोक्यात असतो, फाईल उघडी असते, टेस्ट चालू असतात. तीच वॉर्निंग तीन महिन्यांनी यादीत १८४७व्या नंबरवर दिसली तर आधी तो कोड काय करतो ते आठवायचं, मग बदलायचा, मग काही फुटलं नाही ना ते तपासायचं, मग रिव्ह्यूला कोणाच्या तरी मागे लागायचं, आणि एवढं करून युजरला फरक शून्य. कोण करणार? आणि का करावं, तेही खरंच आहे.

आता थोडं हे टूल आत करतात काय त्याबद्दल, कारण ते माहीत असलं की त्यांच्याकडून अपेक्षा नीट ठेवता येतात. सी भाषेसाठीचं लिंट हे टूल बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने १९७८ मध्ये लिहिलं, म्हणजे हे काही नवीन फॅड नाहीये. टूल तुमचा कोड न चालवता वाचतं, त्याच्या रचनेचं झाड बनवतं, कुठल्या ओळीवरून कुठे जाता येतं त्याचा नकाशा काढतं आणि कुठली व्हॅल्यू कुठे पोचते त्याचा माग काढतं. पण प्रोग्रॅम चालताना नक्की काय करेल हे कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल, दरवेळी, अचूक सांगणारं टूल बनवताच येत नाही, हे हेन्री राइस या गणितज्ञाने १९५३ मध्येच गणिताने सिद्ध करून ठेवलंय. म्हणजे टूल कधी उगाच ओरडणार, कधी गप्प बसणार, किंवा दोन्ही. हे कुठल्या कंपनीचं अपयश नाही, ते तसंच असणार. प्रश्न फक्त उगाच किती ओरडतं याचा.

बरं, मेंटेनेबिलिटीवर येऊ, म्हणजे कोड पुढे सांभाळायला किती सोपा. इथे सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. थॉमस मॅकेबने १९७६ मध्ये मांडला, फंक्शनमधून जायचे स्वतंत्र रस्ते किती ते मोजायचं, साधा हिशोब म्हणजे जेवढे इफ-फॉर-व्हाइल आणि स्विचचे केस तेवढे अधिक एक, आणि १० च्या वर गेलं तर फंक्शन फोडायचा विचार करा असं त्याचं म्हणणं. रफ या पायथनच्या लिंटरमध्ये ही मर्यादा आजही डिफॉल्ट १० आहे, ईएसलिंटमध्ये २०. आकडा वाईट नाहीये, पण तो टेस्ट किती लागतील हे चांगलं सांगतो, वाचायला किती त्रास होईल ते तेवढं चांगलं सांगत नाही. साधं उदाहरण घ्या. एका फंक्शनमध्ये स्विच आहे, तीन केस, प्रत्येकात एक ओळ. दुसऱ्यात फॉर आहे, त्याच्या आत इफ, त्याच्या आत अजून एक इफ. दोन्हीची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी ४. आता खरं सांगा, दोन्ही वाचायला सारखेच वाटतात का? पहिलं नजर टाकली की कळतं, दुसऱ्यात सगळ्यात आतल्या ओळीवर पोचेपर्यंत तीन अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात.

सोनारक्यूब बनवणाऱ्या सोनारसोर्सवाल्यांनी यासाठी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचा वेगळा आकडा काढला. त्यात खोली वाढली की दंड वाढतो, फॉरला १, आतल्या इफला २, त्याच्या आतल्याला ३, एकूण ६. आणि त्या स्विचला, केस कितीही असोत, १. हा हिशोब माझ्या अनुभवाशी जुळतो, म्हणून मी टीममध्ये दोन्हीपैकी एकच ठेवायचा झाला तर हाच ठेवतो. सोनारच्या नियमात फंक्शनसाठी १५ ही मर्यादा आहे आणि ती ठीकच आहे, त्यावर भांडत बसू नये.

पण आकडा आला की आकड्याला फसवणंही आलं. एका पीआरमध्ये, म्हणजे रिव्ह्यूला पाठवलेल्या बदलात, बघितलेला प्रकार सांगतो. ऑर्डर प्रोसेस करणारं एक लांबलचक फंक्शन होतं, टूल म्हणालं कॉम्प्लेक्सिटी जास्त आहे. लिहिणाऱ्याने मधोमध कापून दोन फंक्शन केली, नावं काय तर प्रोसेस-पार्ट-वन आणि प्रोसेस-पार्ट-टू. कॉम्प्लेक्सिटीची वॉर्निंग गेली. पण पहिल्या भागातले सगळे व्हेरिएबल दुसऱ्या भागाला लागत होते, म्हणून पार्ट-टूला आठ पॅरामीटर गेले, आणि पायलिंट पाचाच्या वर पॅरामीटर गेले की कुरकुर करतं. झालं, मग ते आठही एका डिक्शनरीत कोंबले, तिला नाव दिलं कॉन्टेक्स्ट, आणि ती पास केली. ही पण वॉर्निंग गेली! बिल्ड हिरवं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सगळ्या तपासण्या पास. आता त्या कॉन्टेक्स्टमध्ये काय काय असतं, कोण टाकतं, कोण बदलतं, हे कळायला दोन्ही फंक्शन शेजारी-शेजारी उघडून वाचावी लागतात, म्हणजे आधी एकाच जागी दिसत होतं ते बरं होतं. एका खोलीतला पसारा उचलून दुसऱ्या खोलीत टाकला आणि दार लावून घेतलं.

त्या फंक्शनचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यात एक बुलियन, म्हणजे हो-नाही असा, फ्लॅग होता, ऑर्डर नवीन आहे की बदललेली ते सांगणारा, आणि तो फ्लॅग जागोजागी तपासला जात होता. म्हणजे मुळात ती दोन वेगळी कामं होती जी एकमेकांत विणली गेली होती. नवीन ऑर्डरचं एक फंक्शन, बदललेल्या ऑर्डरचं एक, आणि दोघांत खरंच सामाईक असलेल्या दोन-तीन गोष्टी बाजूला काढल्या की कॉम्प्लेक्सिटी आपोआप उतरते, पॅरामीटरही उतरतात. टूलने फक्त एवढंच सांगितलं होतं की इथे बघ. काय बघायचं ते त्याला माहीत नसतं, आणि तेवढी अपेक्षा पण नको. म्हणून रिव्ह्यूमध्ये मी "वॉर्निंग गेली का" हे विचारत नाही, "हे नवीन फंक्शन एका वाक्यात काय करतं" हे विचारतो. पार्ट-टूचं उत्तर त्या माणसाला देता आलं नाही.

मेंटेनेबिलिटी इंडेक्सबद्दल दोन वाक्यं, जास्त नको. १९९२ च्या सुमाराचा फॉर्म्युला आहे, १७१ मधून हॅल्स्टेड व्हॉल्यूम (कोडमधली चिन्हं आणि नावं मोजून काढलेला आकार), कॉम्प्लेक्सिटी आणि ओळींची संख्या यांचे ठरावीक भाग वजा करायचे, व्हिज्युअल स्टुडिओ तोच ० ते १०० मध्ये बसवून दाखवतो आणि २० च्या वर सगळं हिरवं! शंभरात २१ ला हिरवा दिवा मिळणारी परीक्षा, त्यावर माझा काही विश्वास नाही. मॅनेजरला स्लाइडवर टाकायला छान आहे.

त्यापेक्षा कितीतरी कामाची एक युक्ती आहे आणि तिला पैसे पण लागत नाहीत. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्याच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात कुठली फाईल किती वेळा बदलली ते मोजा, फाईलची नावं सॉर्ट करून मोजायची एवढंच, एका ओळीची कमांड आहे. त्याच्या शेजारी प्रत्येक फाईलची कॉम्प्लेक्सिटी ठेवा. ज्या फाईल दोन्ही याद्यांत वर आहेत त्या तुमच्या खऱ्या दुखऱ्या जागा. बहुतेक कोडबेसमध्ये अशा फाईल मोजक्याच निघतात आणि टीममधल्या जुन्या लोकांना त्यांची नावं ऐकून अजिबात आश्चर्य वाटत नाही, "हां, ती ना" असं म्हणतात. याउलट भयानक गुंतागुंतीची पण कित्येक वर्षांत कुणी न उघडलेली फाईल असते, टॅक्सचा कुठलासा हिशोब किंवा जुन्या फाईल फॉरमॅटचा पार्सर, टूल तिच्यावर सगळ्यात जास्त लाल रंग ओततं, आणि तिला हात लावायची काही एक गरज नसते. चालतंय, कुणाला त्रास नाही, सोडून द्या. वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये तांत्रिक कर्जाची उपमा दिली, म्हणजे घाईत लिहिलेला कोड हे कर्ज आणि त्याचा पुढचा त्रास हे व्याज, तेव्हा मुद्दा व्याजाचाच होता, आणि ज्या कोडला कुणी हातच लावत नाही त्यावर कसलं व्याज?

जुन्या वॉर्निंगचं काय करायचं मग? बेसलाइन. आज जेवढ्या आहेत तेवढ्या एका फाईलमध्ये नोंदवून ठेवायच्या आणि टूलला सांगायचं की या सोडून नवीन काही आलं तरच बिल्ड पाडायचं. पीएचपीस्टॅन, डिटेक्ट वगैरेंमध्ये ही सोय आहे, सोनारमध्ये "नवीन कोड" म्हणून वेगळा हिशोबच असतो, त्यांच्या डिफॉल्ट क्वालिटी गेटमध्ये नवीन कोडमधलं डुप्लिकेशन ३ टक्क्यांच्या वर नको आणि टेस्ट कव्हरेज किमान ८० टक्के हवं. बेसलाइन लावल्या दिवसापासून भांडणं कमी होतात, कारण कोणालाच दुसऱ्याची घाण साफ करायला सांगितलं जात नाहीये, आपण केलेली तेवढी आपण आवरायची. फक्त एक पथ्य, बेसलाइनची फाईल कमी होत जायला हवी, वाढायला नको. कोणी पीआरमध्ये तिच्यात नवीन ओळी घातल्या तर तिथे थांबून विचारायचं.

हेच वॉर्निंग गप्प करणाऱ्या कमेंटचं. एखाद्या ओळीवर टूल चुकतंय असं वाटलं तर ते तिथे बंद करणं चुकीचं नाही, पण शेजारी कारण लिहा, एक वाक्य पुरे. आणि ज्या डिसेबल कमेंटची आता गरज उरली नाही त्या शोधून देणारा नियम चालू ठेवा, ईएसलिंट, रफ, मायपाय सगळ्यांत आहे तो.

आणि उलट बाजूने, वॉर्निंग समजून न घेता "दुरुस्त" करणं त्याहून वाईट. डेबियन या लिनक्सचा किस्सा सगळ्यांनी वाचायला हवा. २००६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या कोडवर व्हॅलग्राइंड आणि प्युरिफायने तक्रार केली की सुरुवातीची व्हॅल्यू न दिलेली मेमरी वापरली जातेय. ही टूल प्रोग्रॅम चालताना तपासतात, पण धडा तोच. डेबियनच्या पॅकेजमध्ये त्या ओळी कमेंट करून टाकल्या. तक्रार गेली. पण त्यातली एक ओळ रँडम नंबरच्या पूलमध्ये एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारा डेटा, घालणारी होती, ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत त्या सिस्टिमवर बनलेल्या एसएसएच आणि एसएसएलच्या की अंदाजाने काढता येण्यासारख्या होत्या, सगळ्या नव्याने बनवाव्या लागल्या. रिपोर्ट एकदम स्वच्छ होता मात्र.

याच्या बरोबर विरुद्ध प्रकार अ‍ॅपलचा, फेब्रुवारी २०१४. सुरक्षित कनेक्शनसाठीच्या एसएसएलच्या कोडमध्ये गोटू फेलची, म्हणजे थेट शेवटाकडे उडी मारायची, ओळ चुकून दोनदा पडली, दुसरी ओळ इफच्या बाहेर, त्यामुळे खालची सही तपासायची पायरी कधी चाललीच नाही. खालच्या कोडपर्यंत पोचताच येत नाही हे सांगणारी वॉर्निंग क्लँग कंपायलरमध्ये होती. पण "सगळ्या वॉर्निंग चालू" असा अर्थ वाटणारा जो वॉल (-Wall) पर्याय आहे त्यात ती येत नाही, वेगळी चालू करावी लागते. त्यामुळे न पोचणारा कोड, न वापरलेलं व्हेरिएबल, न वापरलेला इम्पोर्ट, हे नियम मी कुठल्याही नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी चालू करतो आणि थेट एरर म्हणून, वॉर्निंग म्हणून नाही. यावर टूल क्वचितच चुकतं आणि दुरुस्ती बहुतेक वेळा ओळ उडवण्याइतकी सोपी असते.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात आणि माझ्या मते मोठ्या कोडबेसमध्ये सगळ्यात जास्त फायदा तिचाच होतो, डिपेंडन्सीचे नियम, म्हणजे कोडच्या कुठल्या भागाने कुठला भाग वापरायचा ते. फंक्शन कितीही सुंदर असू देत, बिलाचा हिशोब करणारं मॉड्यूल जर वेब रिक्वेस्टचं ऑब्जेक्ट इम्पोर्ट करत असेल तर तो हिशोब रात्रीच्या बॅच जॉबमधून चालवायचा म्हटलं की सगळे रडणार. आणि हे एका दिवसात होत नाही, घाईत कोणीतरी एक इम्पोर्ट टाकतं, रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून सुटतं कारण डिफमध्ये ती एक निरुपद्रवी ओळ दिसते, मग तिला बघून दुसरा टाकतो, आणि वर्षभराने दोन मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करायला लागतात आणि कुठलंच वेगळं काढता येत नाही. जावात आर्चयुनिट, पायथनमध्ये इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्टमध्ये डिपेंडन्सी-क्रूझर, यांत तुम्ही लिहून ठेवू शकता की या लेयरने त्या लेयरला हात लावायचा नाही, आणि कोणी लावला की सीआय, म्हणजे दर बदलाला आपोआप चालणारी तपासणी, पडणार. आर्किटेक्चरचा जो डायग्राम विकीवर धूळ खात पडलेला असतो तो अशाने दर पीआरला तपासला जातो. हे नियम लिहायला बसलं की टीममध्ये एक चांगली चर्चा पण होते, कारण लेयर नक्की कुठले यावर दोन सिनिअर लोकांची मतं जुळत नाहीत हे तेव्हाच कळतं, आणि ते कळणं गरजेचंच असतं.

फॉरमॅटिंगवर वेळ घालवू नका, ब्लॅक, प्रेटिअर, गोएफएमटी जे असेल ते लावा, त्याची मतं निमूट मान्य करा. फक्त अख्खा कोड एकदम फॉरमॅट करणारा कमिट वेगळा ठेवा आणि त्याचा हॅश (ओळखीचा नंबर) ब्लेमच्या, म्हणजे कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडच्या, इग्नोर यादीत टाका, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून ही सोय आहे, नाहीतर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ओळीच्या ब्लेममध्ये त्या एकाच बिचाऱ्याचं नाव.

टूलला न दिसणाऱ्या गोष्टी पण खूप आहेत. डेटा-टू नावाचं व्हेरिएबल त्याला चालतं, बारा वर्षांपूर्वीची खोटं बोलणारी कमेंट त्याला चालते, आणि तीनदा कॉपी केलेला कोड त्याला डुप्लिकेट वाटतो, मग भले ते तीन वेगळे बिझनेस नियम असू देत जे आज योगायोगाने सारखे दिसतायत आणि उद्या वेगवेगळे बदलणार आहेत. तिथे एकत्र करायची घाई केली की पुढे त्याच एका फंक्शनमध्ये फ्लॅग वाढत जातात, वरच्या ऑर्डरसारखे. टेस्टच्या फोल्डरवर तर मी डुप्लिकेशनचा नियम बंदच ठेवतो, टेस्ट वरून खाली सरळ वाचता आली पाहिजे, थोडी पुनरावृत्ती असली तरी चालेल. आणि हल्ली एआय इतका भराभर कोड लिहून देतं की रिव्ह्यू करणाऱ्याचे डोळे पुरत नाहीत, त्यामुळे न थकता दरवेळी तेच तपासणारं यंत्र मधे असणं मला पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं वाटतं, एवढंच म्हणतो, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

शेवटचं काम म्हणजे नियम काढून टाकणं, ते कुणी करत नाही. गूगलच्या ट्रायकॉर्डर या सिस्टिममध्ये टूलच्या कमेंटखाली "उपयोगाचं नाही" असं बटण असतं आणि ज्या तपासणीबद्दल असे क्लिक १० टक्क्यांच्या वर जातात ती दुरुस्त होईपर्यंत बंद करता येते. तिथे वॉर्निंग तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का याला महत्त्व नाही, डेव्हलपरने त्यावर काही केलं का हे बघतात. आपल्याकडे बटण नसलं तरी डिसेबल कमेंट मोजता येतातच, कोडबेसमध्ये सर्च मारायचा, कुठला नियम सगळ्यात जास्त वेळा गप्प केलाय ते बघायचं, आणि त्याबद्दल टीमला विचारायचं की हा हवाय का. आमच्या यादीत सगळ्यात वर होता प्रत्येक फंक्शनला डॉक कमेंट हवीच हा नियम, ज्याच्यामुळे "गेट-नेम: नाव मिळवतो" असल्या कमेंट जागोजागी पडल्या होत्या. तो काढला. त्याच्या खालचा, ओळीच्या लांबीचा, फॉरमॅटर आधीच सांभाळत होता म्हणून तोही काढला. तिसऱ्यावर अजून वाद चालू आहे.